कमी पैशांत शिकारीची रायफल : खर्च नेमका कशावर करावा?

प्रतिनिधी

अमेरिकेत नोव्हेंबर महिना उजाडला, की ग्रामीण भागातील क्रीडासाहित्याच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला असतो. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य मोसम अवघ्या नऊ दिवसांचा असतो. पेनसिल्व्हेनियात मोसमाच्या पहिल्या दिवशी अनेक शाळांना सुटी देण्याची जुनी परंपरा होती. शिकार म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर संस्थानिक, मचाण आणि हाकारे येतात. अमेरिकेत मात्र कारखान्यातला कामगार, शेतकरी, शाळामास्तर असे सामान्य उत्पन्नाचे लोकच प्रामुख्याने शिकारीला जातात. एक हरीण मिळाले, तर कुटुंबाच्या काही महिन्यांच्या मांसाची सोय होते. या मंडळींना दर वर्षी पडणारा प्रश्नही तसाच घरगुती आहे. हाताशी पैसे मोजके असताना रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न वरवर खरेदीचा वाटला, तरी त्याच्याशी एका जिवाच्या यातनांचा संबंध आहे. नेम चुकून जखमी झालेले हरीण कित्येक किलोमीटर धावत जाते आणि अनेकदा शिकाऱ्याला सापडतही नाही. त्यामुळे पहिल्याच गोळीत प्राण्याचा अंत व्हावा, हा तेथील शिकारीचा पहिला नियम मानला जातो. स्वस्त रायफल हा नियम पाळू शकते का, याचे उत्तर आज ‘होय’ असे आहे. मात्र, वाचलेले पैसे योग्य ठिकाणी खर्च केले, तरच!

दाराच्या कडीसारखी यंत्रणा

‘बोल्ट’ म्हणजे दाराची कडी. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचे तत्त्व जवळपास तेच आहे. नळीच्या मागच्या तोंडाशी एक पोलादी दांडा असतो. त्याची मूठ वर उचलून मागे ओढली, की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली, की नवे काडतूस नळीत शिरते. आणि खाली दाबली, की दांड्यावरील खुंट्या खाचांत अडकून नळीचे तोंड घट्ट बंद होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. त्या स्पर्धेत प्रत्येक गोळीनंतर नेमबाजांचा हात रायफलीच्या मागच्या भागाकडे जाताना अनेकांनी पाहिला असेल. ती हाताने चालवायच्या बोल्टचीच क्रिया होय.

ही रचना जर्मनीतील पॉल माउझर यांनी १८९८ च्या लष्करी रायफलीत परिपूर्ण केली. त्यानंतरच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वंशातल्या आहेत. हलणारे भाग थोडे, त्यामुळे बिघाड कमी. नळीचे तोंड घट्ट बंद होत असल्याने अचूकता जास्त. शिवाय मूठ उचलून दांडा मागे घेतला, की रायफल रिकामी आहे की भरलेली, हे डोळ्यांना दिसते. नवख्या शिकाऱ्याला हीच रायफल सुचवली जाते, ती या तीन कारणांमुळे.

१९ डॉलर ९५ सेंटची रायफल

स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला अमेरिकेत मोठा आणि काहीसा काळा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांच्या लक्षावधी जुन्या रायफली अमेरिकेच्या बाजारात आल्या. जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफिल्ड, इटालियन कार्कानो या रायफली टपालाने घरपोच मिळत. अनेकांनी त्यांचे लाकडी दस्ते तासून, नळ्या कापून शिकारीच्या रायफली तयार केल्या.

१९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडून ली हार्वे ओसवाल्ड याने दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला अशीच एक कार्कानो रायफल टपालाने मागवली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलस शहरात अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येसाठी ती वापरली गेली. पुढे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ग्राहकांना थेट टपालाने बंदुका विकण्यास बंदी घातली. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच खरेदी करणे बंधनकारक झाले. १९९८ पासून अशा खरेदीपूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी राष्ट्रीय यंत्रणेमार्फत तपासली जाते. जुन्या लष्करी रायफलींचा तो स्वस्ताईचा काळ संपला. आता तर संग्राहकांमुळे त्याच रायफलींचे भाव चढे आहेत. कमी पैशांत नवी रायफल देण्याची जबाबदारी मग कारखानदारांवर आली.

स्वस्त, पण हलकी नव्हे

विंचेस्टर कंपनीची १९३६ मध्ये आलेली ‘मॉडेल ७०’ ही अनेक शिकाऱ्यांच्या लेखी आदर्श रायफल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताने केलेली जुळवाजुळव, घासूनपुसून गुळगुळीत केलेला बोल्ट. मजुरीचे दर वाढले तसे हे काम परवडेनासे झाले. १९६४ मध्ये कंपनीने रचना बदलून खर्च कमी केला आणि ग्राहकांची नाराजी ओढवून घेतली. ‘चौसष्टपूर्वीची’ हे विशेषण आजही जुन्या रायफलीचा भाव वाढवते.

सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल ११०’ रायफलीत वेगळी वाट शोधली. काडतूस बसण्याच्या जागेचे माप अचूक जुळवणे, हे पूर्वी कसबी कारागिराचे काम होते. सॅव्हेजने नळीवर एक मोठी चाकी बसवून ते सोपे केले. नळी हव्या त्या मापापर्यंत फिरवायची आणि चाकी आवळायची. रायफल दिसायला ओबडधोबड झाली. पण निशाणा पक्का राहिला.

२०१० नंतर ही स्पर्धा खऱ्या अर्थाने रंगली. सॅव्हेजची ‘अ‍ॅक्सिस’, रुगरची ‘अमेरिकन’, मॉसबर्गची ‘पेट्रियट’ अशा रायफली साधारण चारशे ते सहाशे डॉलरच्या पट्ट्यात मिळू लागल्या. काटछाट झाली ती दिसण्यात. लाकडाऐवजी साच्यातून काढलेला प्लॅस्टिकचा दस्ता आला, चकाकीऐवजी मंद काळा रंग आला, धातूच्या काही भागांची जागा प्लॅस्टिकने घेतली. नळीचा दर्जा मात्र राखला गेला. नळीच्या आतील चक्राकार आटे पाडण्याच्या पद्धतीच आता यांत्रिक आहेत. काही कंपन्या कठीण धातूची घुंडी नळीतून दाबाने सरकवतात. काही कंपन्या नळीत साचा ठेवून बाहेरून यांत्रिक हातोड्यांनी ठोकतात. दोन्ही पद्धतींत हजारो नळ्या एकसारख्या निघतात. चांगली नळी ही पूर्वीसारखी श्रीमंतांची मक्तेदारी उरलेली नाही, ती यामुळे.

अचूकता किती पुरे?

रायफलीची अचूकता शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तीन ते पाच गोळ्या किती जवळजवळ पडतात यावरून ठरवतात. एका इंचात सर्व गोळ्या बसल्या, तर रायफल उत्तम समजली जाते. जाहिरातींचा सारा भर याच एका इंचावर असतो.

प्रत्यक्ष शिकारीचा हिशेब वेगळा आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. शंभर यार्डांवर दोन इंचांत गोळ्या टाकणारी साधारण रायफल दोनशे यार्डांवर चार इंचांत टाकेल. म्हणजे निम्मी जागा अद्याप शिल्लक राहते, आणि ती शिकाऱ्याच्या थरथरत्या हातासाठी लागते. दाट जंगलात तर बहुतेक हरणे शंभर यार्डांच्या आतच दिसतात. एक इंच आणि दीड इंच यांतील फरकासाठी दुप्पट पैसे मोजणे सामान्य शिकाऱ्याच्या फायद्याचे नाही.

त्याऐवजी दुकानात पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट चाप. तो फार जड असेल, तर ओढताना नेम हलतो. सॅव्हेजने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकाला स्वतः हलका करता येईल असा सुरक्षित चाप आणला आणि इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. दुसरी गोष्ट दस्ता. स्वस्त रायफलीचा दस्ता पुढच्या बाजूला लवचिक असतो. तो टेकवल्यावर वाकून नळीला लागला, तर गोळी भलतीकडे जाते. नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी अडथळ्याविना सरकते का, हे पाहिले, की उत्तर मिळते. तिसरी गोष्ट खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर. ते शरीराला जुळले नाही, तर महागडी रायफलही निरुपयोगी ठरते. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचा बोल्ट मागून घ्यावा. अनेक स्वस्त रायफलींत तो उपलब्ध असतो.

आधी कायदा, मग काडतूस

रायफलीपेक्षा काडतुसाची निवड आधी करावी, असे जाणकार सांगतात. आणि काडतुसाच्याही आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. ओहायोत हरणासाठी कोणतेही रायफल काडतूस चालत नाही. खालपासून वरपर्यंत सरळ भिंतीचे काडतूसच वापरता येते. त्याची गोळी फार दूर जात नाही, हा दाट वस्तीच्या भागात सुरक्षेचा मुद्दा असतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. शिशाचे कण राहिलेले मांस खाऊन काँडोर ही दुर्मिळ गिधाडे दगावत होती. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा महाग पडते आणि सरावाचा खर्चही वाढतो.

जेथे असे बंधन नाही, तेथे जुनी आणि सर्वत्र मिळणारी काडतुसेच स्वस्त पडतात. १९०६ पासूनचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९५२ चे .३०८ विंचेस्टर आणि १९५५ चे .२४३ विंचेस्टर ही त्यांतील ठळक नावे. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर हेही आता गावोगावच्या दुकानांत मिळते. वीस काडतुसांची पेटी साधारण २५ ते ४५ डॉलरला पडते. दुर्मिळ वा अतिशक्तिशाली ‘मॅग्नम’ काडतुसांचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो.

यात खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचाही विचार करावा लागतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०-०६ च्या जवळपास निम्मा असतो. धक्क्याची धास्ती बसली, की नेमबाज चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो आणि खांदा आकसून घेतो. ही सवय एकदा जडली, की मोडता मोडत नाही. स्वस्त रायफली वजनाला हलक्या, साधारण तीन किलोच्या असतात. डोंगर चढताना हा हलकेपणा सुखाचा वाटतो. पण बार काढताना धक्का त्यामुळेच वाढतो. हरणासाठी मध्यम शक्तीचे काडतूस पुरेसे असते. अस्वल वा एल्क यांच्या शिकारीसाठी घेतलेली जड शक्ती हरणाच्या मोसमात केवळ खांदा दुखवते.

पैसे दुर्बिणीसाठी राखून ठेवा

आजच्या बहुतेक स्वस्त रायफलींना नळीवरची माशी नसते. दुर्बीण घ्यावीच लागते. रायफलीबरोबर जोडून मिळणारी दुर्बीण आकर्षक वाटते. पण अशा जोडीत सर्वांत कमकुवत वस्तू बहुधा तीच असते. हरणे बाहेर पडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्या अंधुक उजेडात सामान्य काचेतून झुडूप आणि प्राणी यांत फरक करता येत नाही. शिंगे आहेत की नाहीत, मागे दुसरा प्राणी वा माणूस उभा आहे का, हे स्पष्ट दिसल्याविना गोळी झाडणे धोक्याचे ठरते. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण बहुतेकांची गरज भागवते. वीस-पंचवीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण जंगलात अडचणच करते, कारण तिच्यातून समोरचा फारच थोडा भाग दिसतो.

दुर्बीण रायफलीवर बसवणारी कडी हीसुद्धा दुर्लक्षित, पण महत्त्वाची वस्तू. ती सैल झाली, तर नेम रोज वेगळा लागतो आणि दोष नळीला दिला जातो. एक हजार डॉलर हाताशी असतील, तर पाचशेच्या आसपास रायफलीवर, अडीचशे ते तीनशे दुर्बीण व कड्यांवर आणि उरलेले दोनशे काडतुसांवर अशी वाटणी शहाणपणाची ठरते. नऊशेची रायफल घेऊन शंभराची दुर्बीण लावणे, ही नेमकी उलटी वाट झाली.

जुनी रायफल घेताना

जुनी रायफल हा काटकसरीचा दुसरा मार्ग. शिकारीच्या रायफलीतून वर्षाला जेमतेम दहा-वीस गोळ्या झाडल्या जातात. त्यामुळे तीस वर्षांची रायफलही आतून जवळपास नवी असू शकते. तपासणी मात्र बारकाईने करावी. नळीत उजेड पाडून आत गंज वा फुगवटा आहे का, ते पाहावे. गोळी बाहेर पडते ती नळीची कड दुखावलेली नसावी. तेथला लहानसा टवकाही गोळीची दिशा बदलतो. दस्त्याच्या मुठीजवळ तडा गेलेला नसावा. स्क्रूंची तोंडे झिजलेली असतील, तर कोणीतरी घरच्या घरी खटपट केली असल्याची ती खूण समजावी. शंका आल्यास बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून काडतूस बसण्याच्या जागेचे माप तपासून घ्यावे.

कंपनीने माल परत मागवला होता का, हेही विचारावे. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये ‘मॉडेल ७००’ व ‘मॉडेल सेव्हन’ या रायफलींपैकी मे २००६ पासून तयार झालेल्या, ‘एक्स-मार्क प्रो’ चाप बसवलेल्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या. चाप न ओढताही बार उडण्याची शक्यता त्यामागे होती. २०२० मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघून तिचे भाग वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले. अशी रायफल समोर आली, तर चाप बदलल्याचा पुरावा मागणे हिताचे.

सरावाला पर्याय नाही

नवी रायफल घेतली, दुर्बीण बसवली आणि थेट जंगलात गेले, असे करणाऱ्यांची संख्या थोडी नाही. प्रत्येक रायफलीला एखादी विशिष्ट गोळी अधिक मानवते. त्यामुळे दोन-तीन प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी झाडून पाहावी आणि जी चांगली बसेल, तिच्यावरच ठाम राहावे. .३०-०६ सारख्या काडतुसाचा नेम शंभर यार्डांवर दीड ते दोन इंच वर बसवला, तर तो दोनशे यार्डांच्या सुमारास बरोबर जागी येतो. मेजावर टेकवून नेम जुळला, की पुढचा सराव बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने करावा; जंगलात मेज मिळत नाही.

रोजच्या सरावासाठी .२२ ची छोटी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल उत्तम. तिचे काडतूस सेंटांच्या हिशेबात पडते, आवाज थोडा आणि धक्का नगण्य असतो. श्वास आवरणे, चाप सावकाश ओढणे, बोल्ट न बघता फिरवणे या साऱ्या सवयी तीवर लागतात. बहुतेक राज्यांत पहिल्या परवान्यापूर्वी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. न्यूयॉर्कने असे प्रशिक्षण १९४९ मध्येच सक्तीचे केले.

या खरेदीतून सरकारच्या तिजोरीतही भर पडते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आकारला जातो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. अधिवासांची जपणूक आणि प्राण्यांची गणना या कामांना त्यातून मोठा आधार मिळतो.

आपल्याकडील चित्र

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांनाही सहकाऱ्यांकडून शिकारीचे आमंत्रण येते. त्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. ग्रीन कार्डधारकाला रायफल घेता येते. परंतु नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगणे सामान्यतः निषिद्ध आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्याला असलेला प्रमुख अपवाद होय. मित्राची रायफल हाती घेण्यापूर्वीही हा नियम तपासून घ्यावा.

भारतात परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला मनाई केली. माणसाला वा पिकाला धोका निर्माण झाल्यास मिळणारी परवानगी हा अपवाद असून, तो छंद नव्हे. बंदुकीसाठी १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील .३१५ बोरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल ही आपल्याकडची परिचित परवान्याची रायफल. लष्करी .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या ब्रिटिशकालीन धोरणातून हे निराळे माप रूढ झाले. आवड केवळ नेमबाजीची असेल, तर त्यासाठी नेमबाजी क्लबची वाट मोकळी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- राज्याचे नियम आणि कोणता प्राणी मारायचा आहे, हे ठरल्यावर काडतूस निवडावे, रायफल त्यानंतर.
- शंभर यार्डांवर दीड-दोन इंचांची अचूकता हरणासाठी पुरेशी.
- निम्मे पैसे दुर्बीण, कड्या आणि काडतुसांसाठी राखून ठेवावेत.
- जुन्या रायफलीची नळी, नळीची कड, दस्ता आणि चाप यांची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.
- जितक्या अंतरावर सरावात दहापैकी दहा गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात बसतात, तितक्याच अंतरावर प्राण्यावर नेम धरावा. त्यापलीकडचा प्राणी जाऊ द्यावा.